गच्चीवरचा दिवा आणि तासिकांचा हिशेब

मॅडम,
मी २९ वर्षांची. प्राणिशास्त्रात एम.एस्सी., दुसऱ्या प्रयत्नात सेट (राज्याची प्राध्यापक पात्रता परीक्षा). तालुक्याच्या गावी एका कॉलेजात चार वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवते. दर वर्षी नव्यानं मुलाखत, सत्र संपलं की घरी. मानधन कधी दिवाळीनंतर, तर कधी पुढच्या वर्षी. मला पतंगांचं वेड आहे. उडवायचे नव्हेत, दिव्यावर येणारे. तीन पावसाळे गच्चीवर पांढरी चादर टांगून, दिवा लावून बसते. चार वह्या भरल्या. नवऱ्याची तक्रार नाही, पण सासूबाई म्हणतात, “नोकरीचा पत्ता नाही आणि रात्री किडे बघत बसते.” त्यांच्या तगरीवरच्या अळ्या मी मारू देत नाही, त्यावरून तर रोज वाद. ओळखीतले एक सर म्हणाले, आधी पर्मनंट व्हा, छंद नंतर. दुसरे म्हणाले, पतंगांवरच पीएचडी करून टाका, एका दगडात दोन पक्षी. तुम्ही आयुष्यभर कॉलेजात शिकवलंत आणि गोधड्याही शिवता, असं याच सदरात वाचलं होतं. तुम्ही दोन्ही कसं जमवलंत? मी काय करू?
— एक वाचक, सातारा जिल्हा

अगं, तुला अहो-जाहो करायला माझी जीभ वळत नाही. ३४ वर्षं तुझ्याएवढ्या मुली समोरच्या बाकावर बसायच्या, तेव्हा तूही ‘तू’च.

आधी त्या दुसऱ्या सरांचं. प्राणिशास्त्राच्या माणसानं सल्ला देताना पक्ष्यांना दगड मारावेत, तेही एकात दोन, हे मला जरा खटकलं. म्हण सोडून दिली तरी सल्लाही पटला नाही. पहिल्या सरांचा अर्धाच पटला. का ते सांगते, पण आधी तू मला विचारलंस त्याचं उत्तर.

मी काही जमवलं नाही. जमत गेलं, आणि त्यात माझ्या हुशारीपेक्षा नशिबाच्या सालाचा वाटा मोठा. मी १९८७ साली लागले. तेव्हा नेट-सेटची अट नव्हती, ती १९९१ नंतर आली. एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, त्यांच्या जागी मी आले. त्या परत आल्या तोवर विभागाचा वर्कलोड वाढला होता, मी तिथेच राहिले. म्हणून कुणी साठीपुढचा प्राध्यापक ‘आम्ही कसे कष्टानं वर आलो’ सांगू लागला, की त्याला हळूच साल विचारत जा. आम्ही दार उघडं असताना आत शिरलो. तुम्ही ते लोटून पाहताय, तेही चार-चार वर्षं.

पीएचडी मी एक्केचाळिसाव्या वर्षी केली, गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांवर. शिंपल्यांवर माझं प्रेम होतं असं मुळीच नाही. गाइडकडे शिंपल्यांच्या टाक्या होत्या, एवढंच. त्या काळात आमच्याकडचं निम्मं प्राणिशास्त्र शिंपले आणि खेकडे यांच्यावरच पोसलं गेलं. कीटकनाशक घातलेल्या पाण्यात शिंपला ठेवायचा, तो किती प्राणवायू घेतो ते मोजायचं. म्हणजे रोज विंकलर टायट्रेशन. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत राहायचं, फ्लास्कमधला निळा रंग गेला की थांबायचं. असे हजारो फ्लास्क झाले असतील. त्यातून माझ्या नावापुढे ‘डॉ.’ लागलं, प्रमोशन झालं, आणि घरी आले की गोधडीला मी अगदी ताजी असे. निळा रंग पाहून डोळे शिणलेले असायचे, पण गोधडीपुरतं मन कुणी वापरलेलं नसायचं. हे लक्षात ठेव, पुढे कामाला येईल.

गोधडी म्हणजे तरी काय, जुनी लुगडी एकावर एक अंथरायची, कडेनं धावदोरा घालायला सुरुवात करायची आणि फेरा घेत आत आत जायचं. मी पेपर तपासून आले की एक फेरा घालायची. त्यात हिशेब नव्हता, पूर्ण करायची घाई नव्हती. एक गोधडी सहा वर्षं चालली.

मग एका वर्षी कॉलेजात नॅकची, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणारी समिती येणार होती. कुणीतरी प्राचार्यांना सांगितलं, बाई गोधड्या शिवतात. झालं. ‘बेस्ट प्रॅक्टिस’ म्हणून माझ्या गोधडीचा सर्टिफिकेट कोर्स निघाला. ३० मुली, हजेरीपट, अभिप्रायाचे फॉर्म, उद्घाटनाचे जिओटॅग फोटो, त्या फोटोत बॅनर सरळ यायला हवा म्हणून दोनदा उद्घाटन. फाइल जाडजूड झाली, गुण मिळाले की नाही कोण जाणे. मी मात्र त्यानंतर दोन वर्षं सुई हातात धरली नाही. मुलींचा दोष नव्हता, त्यातल्या दोघी फार सुरेख शिवायच्या. पण ज्या गोष्टीचं मला कुणाला उत्तर द्यावं लागत नव्हतं, तिची आता फाइल होती.

म्हणून तुला माझं पहिलं सांगणं असं, की तुझ्या चार वह्या कॉलेजात कुणाला दाखवू नकोस. निदान कायम नोकरी लागेपर्यंत तरी. ‘फॅकल्टीचे विशेष उपक्रम’ या रकान्यात सीएचबीवाल्या मुलीचे पतंग जायला वेळ लागत नाही, आणि त्याचं मानधनही मिळत नाही.

आता पीएचडी. छंदावर पीएचडी करून टाकणं म्हणजे काय, ते जरा जवळून बघ. गच्चीवर चादरीवर पतंग बसतो, तू टॉर्च धरतेस, फोटो काढतेस, पंखावरची रेघ वहीत उतरवतेस, सकाळी तो उडून गेलेला असतो. पतंगांच्या वर्गीकरणात पीएचडी घेतलीस तर तो उडून जाणार नाही. तो मारावा लागेल, टाचणीवर लावावा लागेल. दिसायला हुबेहूब अशा कितीतरी जाती पंखांवरून वेगळ्या काढताच येत नाहीत. त्यांच्या जननेंद्रियांची रचना पाहावी लागते. म्हणजे पोट अलग करायचं, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात गरम करायचं, आतला मऊ भाग विरघळून कवच उरलं की सुईनं एकेक अवयव सोडवून स्लाइड करायची. एका पतंगाची एक स्लाइड, आणि असे शेकडो पतंग. शिवाय जंगलात गोळा करायचे तर वनखात्याची परवानगी, तिचे कागद, त्या कागदांसाठी हेलपाटे. हे काम थोर आहे बरं का. भारतात पतंगांच्या दहा हजारांहून जास्त जाती नोंदल्या आहेत, फुलपाखरांच्या कितीतरी पट, आणि त्यांच्याकडे बघणारी माणसं मूठभर. कुणीतरी हे करायलाच हवं. ते तुला करायचंय का, एवढाच प्रश्न आहे. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात चादर आहे, दिवा आहे, पावसाळे आहेत. टाचणी कुठेच नाही.

पण याच्या अगदी उलट झालेलं एक उदाहरण आहे आणि ते तुझ्यापासून लपवलं तर लबाडी होईल. बंगळूरचे जीवशास्त्रज्ञ राघवेंद्र गदगकर. कॉलेजच्या खिडक्यांवर गांधीलमाश्यांची पोळी असायची, ती ते बघत राहायचे. ‘रोपॅलिडिया मार्जिनाटा’ नावाची ही जात. पुढे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये पीएचडी केली, ती गांधीलमाश्यांवर नाही. क्षयाच्या जंतूच्या जातकुळीतले जिवाणू आणि त्या जिवाणूंना लागणारे विषाणू, असा रेणवीय जीवशास्त्राचा विषय. गांधीलमाश्या तेव्हा फक्त छंद. पीएचडी संपली आणि त्यांनी अदलाबदल केली: छंद तो पेशा झाला आणि पुढची चार दशकं तोच राहिला.

त्यांचं काम मी वर्गात शिकवायची, कारण पोरांना ते लगेच कळायचं. पोळ्यावरच्या प्रत्येक माशीच्या अंगावर रंगाचा बारीक ठिपका द्यायचा, म्हणजे कोण कोण ते ओळखू येतं. मग बसून बघायचं. या जातीची राणी गरीब गाय असते, कुणाच्या अंगावर जात नाही. तिला पोळ्यावरून उचललं की बाकीच्यांतली एक कामकरी माशी काही मिनिटांत दांडगाई सुरू करते. राणी परत ठेवली की ती पुन्हा मुकाट कामाला लागते. राणी परत नाही आली, तर आठवडाभरात हीच अंडी घालते आणि राणी होते, आणि मग हिचीही दांडगाई संपते. या सगळ्याला लागतं काय? रंग, वही आणि बूड टेकवून बसायची तयारी. तुझ्या तालुक्याच्या कॉलेजात मायक्रोस्कोपला बल्ब नसेल, पण हे तिन्ही मिळेल.

मग त्यांचं जमलं तर तुझं का नाही? जमेलही. फक्त दोन गोष्टी नीट बघ. छंदाकडे वळण्याआधी त्यांनी हातातली पीएचडी पुरी केली होती. आणि वळले तेव्हा त्यांच्याजवळ गांधीलमाश्यांची नुसती माहिती नव्हती, प्रश्न होते.

तर एक काम कर. रविवारी चारही वह्या काढून बस. लाल पेन घे. ज्या ज्या ठिकाणी तू ‘का?’ किंवा ‘असं कसं?’ असं काही लिहिलं असशील, तिथे खूण कर. ‘हा नेहमी साडेनऊनंतरच येतो’, ‘पाऊस थांबल्या-थांबल्या गर्दी, मग काहीच नाही’, असली वाक्यंही धर. चार वह्यांत अशा पंधरा-वीस खुणा झाल्या आणि त्यातल्या दोन-तीन एकमेकींकडे बोट दाखवू लागल्या, तर तुझ्याजवळ पीएचडीचा विषय आहे आणि मी माझे शब्द मागे घेते. सगळी नावं, तारखा आणि फोटोचे नंबरच निघाले, तर तुझ्याजवळ एक उत्तम छंद आहे. त्याला पीएचडीच्या दावणीला बांधू नकोस.

जाता जाता: पतंग दिव्यावर झेपावतात कशासाठी, हा जुना प्रश्नसुद्धा २०२४ मध्ये वेगवान कॅमेरे लावून पुन्हा तपासला गेला. त्यात दिसलं, की कीटक उडताना आपली पाठ उजेडाकडे ठेवू बघतात. आभाळ वर असतं तेव्हा हे ठीक चालतं. दिवा बाजूला किंवा खाली असला की ते कलंडतात आणि त्याच्याभोवती अडकतात. म्हणजे तुझ्या चादरीवर आलेले पाहुणे आवडीनं आलेले नाहीत, बिचारे फसलेत. दोन-तीन तासांनी दिवा घालवत जा.

पहिल्या सरांचं ‘आधी पर्मनंट, मग छंद’. यातलं ‘आधी पर्मनंट’ मला मान्य आहे. ‘मग छंद’ नाही. पर्मनंट झाल्यावर वेळ मिळतो हे त्यांना कुणी सांगितलं? त्यांना विचार, शेवटचं छंद म्हणून काय केलं. बिरबल साहनी लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते, जीवाश्म वनस्पतींवर जगभर नाव. १९३६ साली रोहतकजवळच्या खोकराकोटच्या टेकाडावर त्यांना मातीचे तुकडे सापडले, ते निघाले जुनी नाणी ओतायचे साचे. त्याच वर्षी रॉयल सोसायटीचे फेलो झालेला हा माणूस मग त्या साच्यांच्या मागे लागला आणि १९४५ मध्ये प्राचीन भारतात नाणी कशी ओतत त्यावर पुस्तक काढलं. पानांच्या ठशांत जे डोळे तयार झाले तेच नाण्यांच्या ठशांवर चालले, असं मला वाटतं. पण ते म्हातारपणी वेळ मिळाला म्हणून झालेलं नाही. ऐन कामाच्या वर्षांत झालं.

आता रोकडं बोलू. सीएचबीला मुदत घाल. मी म्हणेन दोन वर्षं. सीएसआयआर-नेट, म्हणजे विज्ञान विषयांची देशपातळीवरची नेट, साधारण वर्षातून दोनदा होते, म्हणजे चार प्रयत्न. तुला सेट आहे, शिकवायच्या पात्रतेला तेवढी पुरे; पण सेट महाराष्ट्र-गोव्यापुरती, आणि तिच्यात फेलोशिप नाही. नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. तुझ्या तासिकांच्या मानधनाशेजारी हा आकडा लिहून फ्रिजला चिकटव. वयाची धास्ती नको, बायकांना पाच वर्षांची सूट आहे.

पेपर २०० गुणांचा, त्यातले १०० एकट्या ‘सी’ भागाचे. तिथे ७५ प्रश्नांतले कोणतेही २५ सोडवायचे. म्हणजे सगळा अभ्यासक्रम पाठ असावा अशी अपेक्षाच नाही. आणि इथे तुझे पतंग कामाला येतात. अभ्यासक्रमात तेरा घटक आहेत. जीवांची विविधता, परिसरविज्ञान, उत्क्रांती आणि वर्तन हे त्यातले तीन. आमची मुलं हे शेवटी उरकतात आणि सगळा जोर रेणवीय जीवशास्त्रावर लावतात, कारण क्लासवाले तेच शिकवतात. तू उलट्या बाजूनं सुरुवात कर. लैंगिक निवड, नक्कल (मिमिक्री), भक्ष्य-भक्षक ही प्रकरणं तुला पुस्तक उघडण्याआधी निम्मी येत असतील. चुकीला गुण कापतात, तेव्हा ठोकून देऊ नकोस.

कॉलेजात चार गोष्टी कागदावर घे: दर वर्षीची नेमणूक ऑर्डर, विद्यापीठाचं अप्रूव्हल, तासांचा तपशील, अनुभवाचा दाखला. सही-शिक्क्यासह. ‘बघू नंतर’ म्हणणारे प्राचार्य बदलून जातात आणि मग नवे म्हणतात, आमच्या काळातलं नाही. माझ्या एका विद्यार्थिनीची अशी तीन वर्षं हवेत गेली. ती शिकवत होती हे अख्ख्या गावाला माहीत होतं, कागदाला माहीत नव्हतं.

२०२३ पासून असिस्टंट प्रोफेसर होण्यासाठी पीएचडी सक्तीची राहिलेली नाही, नेट-सेट पुरते. पण जागा एक आणि अर्ज ढीगभर असले की कागदावरची सक्ती आणि मुलाखतीतली सक्ती वेगळी असते, हे तुला मी सांगायला नको. म्हणून पीएचडी कर. मात्र प्राणी निवडू नकोस, गाइड निवड. त्यांच्या हाताखालून बाहेर पडलेल्या दोघा-तिघांना फोन कर आणि एकच विचार, किती वर्षं लागली. नियमानं किमान तीन, कमाल सहा. बायकांना आणखी दोन वर्षांची सवलत, आणि बाळंतपणाची २४० दिवसांची रजा वेगळी. ही रजा तुझ्या हक्काची आहे, गाइडची मेहेरबानी नव्हे. मागायची वेळ आली तर खाली मान घालून मागू नकोस.

दोन वर्षांनी काहीच हाती लागलं नाही तर? तर सीएचबी सोड. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये, पण चाळिशीतही दर वर्षी मुलाखतीच्या रांगेत उभे असलेले माझे विद्यार्थी मला ठाऊक आहेत, आणि त्यांतला प्रत्येक जण ‘अजून एकच वर्ष बघतो’ असं म्हणत तिथवर गेलाय. राज्याची वनसेवा परीक्षा आहे, शाळा आहेत, औषध कंपन्यांच्या लॅब आहेत. पक्षितज्ज्ञ सालिम अलींची मुंबईच्या संग्रहालयातली नोकरी १९३० च्या सुमारास पैशांअभावी गेली, तेव्हा ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि तिथे सुगरण पक्ष्याची घरटी बघत बसले. एक नर किती संसार मांडतो, हे त्या बेकारीत कळलं. अर्थात त्यांना किहीमला राहायला घर होतं, हेही खरं. तुझ्या नवऱ्याशी या दोन वर्षांचा हिशेब आधी मांडून ठेव.

छंदाला मात्र मुदत घालू नकोस, वेळ घाल. अभ्यासाच्या दिवसांत आठवड्याला एक रात्र, शनिवार धर. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जगभर पतंगांचा सप्ताह असतो, तेव्हा वाटलं तर रोज. जे ओळखू येत नाही ते जाणत्याला विचार, भीड नको. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ शाळकरी असताना वेड्या राघूच्या शेपटीतली लांब पिसं दिसेनाशी का झाली म्हणून थेट सालिम अलींना पत्र लिहून मोकळे झाले, आणि उत्तर आलं, की पिसं झडून नवी येताहेत. फार मोठी माणसं बहुधा उत्तरं देतात. मधली देत नाहीत.

राहिल्या सासूबाई आणि त्यांची तगर. अगं, तगरीवरची अळी म्हणजे बहुतेक करून कण्हेरीच्या हॉकमॉथ पतंगाची. हिरवीगार, बोटाएवढी, डोक्यामागे दोन निळे डोळे वटारलेले, शेपटीला छोटं शिंग. ते डोळे खरे नसतात हे त्यांना सांगितलंयस का कधी? मला वाटतं तू त्यांना ‘मारू नका’ एवढंच सांगितलंस. ज्यांनी ती तगर वाढवली त्यांना ते कसं पटावं?

एक मोठी बरणी घे. तळाला चार बोटं कोरडी माती आणि पाचोळा, एक खरबरीत काटकी तिरकी, तोंडाला मलमलीचं फडकं. एकच अळी त्यात ठेव, बाकीच्यांचं काय करायचं ते सासूबाईंना ठरवू दे. रोजची पानं त्यांनाच तोडून घालायला सांग, झाड त्यांचं आहे. एका सकाळी हिरवी अळी मातकट झालेली दिसेल आणि खायची थांबेल. त्या म्हणतील, मेली. मेलेली नसते, पाचोळ्यात कोषात जाते. मग पानं बंद, बरणी सावलीत, मातीवर अधूनमधून पाण्याचा हबका. दोन-अडीच आठवडे धर. बाहेर येतो तो बहुधा अंधार पडल्यावर. काटकीवर चढून पंख पसरायला त्याला वेळ लागतो, तेव्हा दिवे मंद ठेव आणि सासूबाईंना हाक मार. पंखांवर हिरव्या रंगाच्या इतक्या छटा असतात की मी तशी गोधडी शिवायला घेतली होती, रंग जुळले नाहीत.

अळी कोषात गेली ती तारीख वहीत लिहून ठेव, आणि पतंग बाहेर आला की मला कळव. सासूबाई काय म्हणाल्या तेही.